ऐरावत चूर्ण, जि. लातूर

त्या उन्हाळ्यात लातूरच्या एस.टी. स्टँडवर उतरलो तेव्हा पिशवीतली लाखेची कांडी आपोआप वितळून डब्याला, डबा टॉवेलला आणि टॉवेल माझ्या मांडीला चिकटला होता. अंगावर सरकारी सील लागलेला मराठवाड्यातला मी पहिला माणूस. खोटं वाटतंय? वाटू द्या. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला ते मान डोलावतील. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्याशी वाद घालायला मला आता पेन्शनीत वेळच वेळ आहे.

लाख कशाला, ते सांगतो. मी औषध निरीक्षक होतो. नोकरीभर लोकांनी मला दोनच प्रश्न विचारले. शहरातले विचारायचे, "साहेब, वरकमाई बरी असेल?" आणि खेड्यातले विचारायचे, "साहेब, खोकल्याचं काही हाय का पिशवीत?" पिशवीत खोकल्याचं काही नसायचं. पितळेची मोहर, लाख, दोरा, खाकी कागद आणि काडेपेटी, एवढंच. पूजेला निघालेल्या भटजीच्या पिशवीत याहून जास्त सामान असतं.

कामाची रीत अशी. दुकानात जायचं, संशय येईल ते औषध उचलायचं आणि त्याची किंमत द्यायची. हो, द्यायची! पोलीस फुकट नेतात, आम्ही विकत घ्यायचो. दोन पंच उभे करायचे, त्यांच्यासमोर औषधाचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग कागदात बांधून दोरा गुंडाळायचा, वर लाख ओतायची आणि मोहर ठोकायची. एक भाग सरकारी प्रयोगशाळेला, एक कोर्टाला, आणि एक ज्याच्याकडून घेतला त्या दुकानदारालाच. लबाडाच्या हातात लबाडीचा पुरावा मोहर मारून, नमस्कार करून परत देणारं आमचं खातं. हसा, पण या रीतीनंच मी माणसं आत पाठवली आहेत.

नेमणूक नांदेडला. मी मूळचा नायगावकडचा, त्यामुळे घरच्या मैदानावर. तेवढ्यात लातूरचा जिल्हा झाला. उस्मानाबादेतून सुटका झाल्याचा लातूरकरांना असा काही आनंद झाला की पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांना जेवायला फुरसत उरली नाही. 'जि. उस्मानाबाद' खोडायचं, 'जि. लातूर' काढायचं. दुकानावर, टेंपोच्या मागे, पिठाच्या गिरणीवर, लग्नपत्रिकेवर. एका म्हशीच्या शिंगांवर मी स्वतः वाचलं आहे. डाव्या शिंगावर 'जि.' आणि उजव्यावर 'लातूर'. आम्ही नांदेडवाले जुने जिल्हेवाले. आम्हाला हे नव्या नवरीचं मिरवणं वाटायचं.

नव्या जिल्ह्याला आमच्या खात्याचं कार्यालय मिळालं. म्हणजे पाटी मिळाली. पाटीच्या मागे खोली होती, खोलीत खुर्ची होती, खुर्चीवर कोणी नव्हतं. वरून हुकूम आला: सोनकांबळे यांनी लातूरचा अतिरिक्त कार्यभार सांभाळावा. मी नांदेड-लातूर करू लागलो आणि दुष्काळही माझ्याबरोबर त्याच बसनं ये-जा करू लागला.

दुष्काळात धान्य, पाणी, चारा सगळ्याचा तुटवडा पडतो. एकाच गोष्टीची सुगी येते, ती म्हणजे अंगदुखीची. सगळी गावं रोजगार हमीच्या कामावर; ज्यांनी आयुष्यात खुरप्याहून जड काही उचललं नाही त्या बायका खडी फोडत होत्या. संध्याकाळी सगळ्या तालुक्याचे गुडघे एकदम कुरकुरायचे तो आवाज मी बसमध्ये ऐकलेला आहे. आणि जिथं दुखणं तिथं पुडीवाला.

लातूरच्या बाबूशेठला हे माझ्या आधी कळलं. हा मूळचा गोटी-सोड्याचा कारखानदार. मधे एकदा आयुर्वेदिक चूर्ण बनवायचा परवाना काढला होता. चूर्णात भुसा निघाला म्हणून तो उस्मानाबादच्या जमान्यातच रद्द झाला. पुढे विहीर आटली, सोडा बंद पडला. ओल्या धंद्याला पाणी लागतं, कोरड्याला लागत नाही, असा विचार करून बाबूशेठ पुन्हा चूर्णाकडे वळला. या वेळी परवान्याच्या भानगडीत पडलाच नाही. नाव ठेवलं 'ऐरावत चूर्ण'. पुडीवर सोंड वर केलेला पांढरा हत्ती. खाली: 'शुद्ध वनस्पतीजन्य. संधिवात, दमा, अशक्तपणा, कंबर, गुडघा, मान यांवर अक्सीर. अपाय नाही, पथ्य नाही.'

आता माझ्या गयामावशीची ओळख करून देतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. आईच्या पाठची बहीण. आई लवकर गेली, मला वाढवलं मावशीनं. जिभेला धार अशी की खडी फोडायला तिला हातोडा लागू नये. कामावरच्या मुकादमाला तिनं एकदा नुसतं बोलून रडवलं होतं.

महिन्या-दोन महिन्यांनी गावी गेलो तर मावशी दारातच उभी. मी ओळखलंच नाही. भर दुष्काळात बाई फुगली होती! गालफडं बसलेली मावशी, तिचा चेहरा ताटासारखा गोल झालेला, गाल तांबूस, मानेवर मांसाचा गोळा. हातपाय मात्र काडीसारखेच.

"मावशी, काय खाऊन राहिलीस?"

"तुझी नजर नको लावू. हत्ती खाऊन राहिले, हत्ती!" असं म्हणून तिनं भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीमागे हात घातला आणि पुडी काढली. "सकाळी एक, रातच्याला एक. गुडघा असा पळतो बग. दोन वरसं उकिडवी बसले नव्हते, आता दिवसभर बसून खडी फोडते."

"कुठून आणलीस?"

"नायगावच्या बाजारात एक मानूस येतो. अख्खं कामच घेतं की. बग जाय, एक बाई वाळलेली दिसती का तुला."

मी कामावर जाऊन बघितलं. डोक्यावर ऊन, हातात हातोडे, आणि ओळीनं बसलेले गोल गोल चेहरे. सगळं गाव उपाशी आणि सगळं गाव गुबगुबीत. हीच बाबूशेठची जाहिरात होती. ऐरावत खा, दुष्काळात अंग धरा. दुसऱ्या कुठल्या भिंतीवर रंगवायची गरजच नव्हती.

एक पुडी घेऊन मी नांदेडला डॉ. कादरींकडे गेलो. सरकारी दवाखान्यातले हे डॉक्टर. सहा फूट उंच आणि तोंडात सतत वेलदोडा. त्यांना चेहऱ्यांचं वर्णन केलं तसा त्यांनी वेलदोडा बाहेर काढला. हे त्यांनी केलं की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

"स्टेरॉइड," ते म्हणाले. "तुझा शेठ वनस्पतीत इंग्रजी गोळ्या कुटून घालतोय. दुखणं जादूसारखं जातं, चेहरा चांदोबा होतो, आणि आतून हाडं भुसभुशीत."

"मग आजच जप्त करतो. मावशीच्या तसबिरीमागच्या तर आत्ताच जाऊन मोरीत ओततो."

"ऐसा मत करना!" डॉक्टर ओरडलेच. "नीट ऐक. हे रसायन शरीर स्वतः तयार करत असतं. बाहेरून रोज फुकट मिळायला लागलं की आतला कारखाना कुलूप लावून झोपतो. तू पुडी एकदम बंद केलीस, तर आतलं कुलूप लगेच उघडत नाही. उलट्या, घेरी, रक्तदाब खाली, आणि मावशी खलास."

"मग करायचं काय?"

"हळूहळू उतरवायचं. मोजून, महिनोन् महिने. माझ्याकडे पाठव, मी गोळ्या देतो."

माझ्या हातात कायदा होता, मोहर होती, आणि ज्या माणसांसाठी मी लढायला निघालो होतो ती, मी जिंकलो की मरणार होती. बाजारात पुडी राहिली तरी संकट, गेली तरी संकट. असा पेच आमच्या खात्याच्या नियमावलीत कुठेच नव्हता.

मी गावोगाव सांगत सुटलो की ऐरावत घेणाऱ्यांनी सरकारी दवाखान्यात यावं, तिथं योग्य औषध मिळेल. लोकांना वाटलं, सरकार आता पुडी खाणाऱ्यांनाच पकडतंय. ओळखीपाळखीचे काही आले, बाकीचे माझ्यापासून लपून पुड्या खाऊ लागले.

आणि मग धर्माबादचा सायलू. मोंढ्यात मिरचीची पोती वाहणारा हमाल, अंगानं दांडगा, तोंडानं गरीब. पुडीवाला काही कारणानं दोन बाजार आला नाही. सायलूला उलट्या सुरू झाल्या. तो पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला तो बसलाच. मोंढ्यातले म्हणाले, ऊन लागलं. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. कागदावर, पुराव्यात, पंचनाम्यात सायलूचं काही नाही. पुढच्या बाजाराला पुडीवाला आला आणि त्यानं काय सांगावं? "बघा, ऐरावत सोडलं की काय होतं!" त्या दिवशी त्याच्या पुड्या दुपारपर्यंत संपल्या. नोकरीत मला शिव्या, धमक्या, बदल्या सगळं मिळालं, त्याचं मी लोणचं घालून खाल्लं. सायलूचा घास मात्र अजून गिळला गेलेला नाही.

तिथून मी थेट मावशीकडे गेलो. सायलूचं सांगितलं, गोळ्या पुढे ठेवल्या, हात जोडले.

"कामून मरू देत न्हाईस सुखानं?" ती म्हणाली. "तुझ्या गोळ्यांवर हत्ती हाय का? न्हाई ना? मंग ने परत."

"मावशी, हत्ती खोटा आहे गं."

"आन् माझा गुडघा? त्यो पन खोटा? तुझ्या कायद्यानं वाकत होता का त्यो? तू साहेब झालास म्हनून मी लंगडी राहू?"

गोळ्या मी परत पिशवीत टाकल्या. 

मग मी ते केलं. जे केलं ते छातीवर हात ठेवून सांगतो, लाज वाटत असेल तर ती लाजेलाच वाटो. औषधावर खोटं लेबल लावणं हा ज्या कायद्यानं गुन्हा आहे, त्या कायद्याचा मी पगारी राखणदार. आणि मी घरी बसून खोट्या लेबलाचं औषध तयार केलं. नायगावच्या बाजारातून ऐरावतच्या पुड्या विकत आणायच्या, आतलं मोरीत ओतायचं. डॉक्टरांनी मोजून दिलेल्या गोळ्या बायको खलबत्त्यात कुटायची, त्यात सुंठ आणि खडीसाखर मिसळायची, आणि मी ते परत हत्तीच्या पुडीत भरायचो. दर पंधरवड्याला डॉक्टर गोळी कमी करायचे, आम्ही सुंठ वाढवायचो.

"दिवसभर लबाडांच्या मागं हिंडायचं आणि घरी येऊन तेच करायचं," बायको बत्ता आपटत म्हणायची. "बाबूशेठकडंच नोकरी का धरत न्हाई? पगार तरी बरा देईल."

मावशीला सांगितलं, शेठ माझ्या ओळखीचा निघाला, लातूरहून ठोकात आणतो.

"आता कसं!" मावशी खूश. "आलास ना ठिकान्यावर?"

त्या पुड्या भरता भरता, घडीवर घडी घालता घालता, मला पुडीवर एक गोष्ट दिसली. बारीक अक्षरात, हत्तीच्या मागच्या पायाखाली. ती मी कोणाला सांगितली नाही. आमच्या सरकारी वकिलालाही नाही, कारण त्यांच्या पोटात गोष्ट चहाच्या कपाएवढा वेळसुद्धा टिकत नसे. मी ती सुपारीसारखी गालात धरून ठेवली.

रीतसर घेतलेल्या नमुन्याचा अहवाल आला: स्टेरॉइड. तोवर डॉक्टरांनी दोन्ही जिल्ह्यांतल्या सरकारी दवाखान्यांना समज दिली होती की गोल चेहऱ्याचा माणूस घेरी येऊन आला तर काय द्यायचं. मग मी बाबूशेठच्या सोड्याच्या कारखान्यावर छापा घातला.

छापा म्हणजे मी आणि माझी पिशवी. कारखान्याचं दार अर्धवट उघडं. आत गोटीच्या रिकाम्या बाटल्यांच्या भिंती, मधे सोड्याच्या यंत्रावर गोणपाट, आणि त्यामागे चक्की. सुंठीचं एक पोतं, गव्हाच्या पिठाची पोती कितीतरी, पत्र्याचा डबा भरून पांढऱ्या गोळ्या आणि छापील पुड्यांचे गठ्ठे. हवेत असं चूर्ण उडत होतं की दारातून आत जाऊन बाहेर येईपर्यंत माझी पाठदुखी गेली.

"या सोनकांबळेसाहेब!" बाबूशेठ खुर्चीतून उठला. तोही गोल चेहऱ्याचा, पण तो तुपानं. "हे सगळं जुनं. परवाना होता तेव्हाचं. पडून आहे. उंदीर खातात."

"उंदीर दिसले मला. गुडघे एकदम ठणठणीत आहेत त्यांचे."

आता पंच हवेत. गल्लीत एक माणूस तयार होईना. एक म्हणाला, "साहेब, माझा सासरा त्या पुडीवर उभा हाय." दुसरा म्हणाला, "माझी सासू. पन मी पंच झालो आन् ती परत बसली तर बायको मला उभं करील." शेवटी समोर पाण्याचा टँकर थांबला होता, त्याचा ड्रायव्हर परगावचा. त्याला कोणाच्या सासऱ्याशी घेणं नव्हतं, तो आला. दुसरा मिळाला शिडीवरचा पेंटर. बाबूशेठच्याच दारावरची पाटी रंगवत होता.

"मी होतो पंच," तो ब्रश पुसत म्हणाला. "या मानसानं मला तीनदा पाटी पुसायला लावली. नाव बारीक चालंल म्हनतो, पन 'जिल्हा लातूर' लांबून दिसलं पाहिजे. आता तर म्हनतो, त्याला सोनेरी कड काढ!"

मोहर लाखेला चिकटू नये म्हणून आधी ओली करावी लागते. मी पाणी मागितलं तर गल्लीतली दारं एकामागोमाग एक बंद झाली. टँकरच्या ड्रायव्हरनं नळी सोडली. पंचनाम्यासाठी अख्खा टँकर दारात उभा केलेला निरीक्षक भारतात दुसरा झाला नाही, होणार नाही.

खटला उभा राहिला नव्या जिल्ह्याच्या कोर्टात, पुढच्या वर्षी. मावशीच्या पुड्या मात्र चालूच होत्या; हत्तीची वेष्टनं मी छाप्याआधीच भरपूर जमवून ठेवली होती. तोवर मला मंत्र्यांच्या ओळखीचे, ओळखीच्या ओळखीचे, असे सगळे भेटून गेले. 'गरिबांचं औषध बंद करतोय' म्हणून माझ्याविरुद्ध मोर्चाही निघाला. मोर्चातली म्हातारी मंडळीसुद्धा गुडघे उचलून चालत होती, म्हणजे तिथंही पुड्या वाटल्या होत्या. वरिष्ठांनी समजावलं, "सोनकांबळे, जरा सबुरीनं घ्या." मी म्हटलं, "साहेब, सबुरीचं चूर्ण कोणाकडे मिळतं? आधी नमुना घेतो."

बाबूशेठच्या वकिलांचा आवाज असा की ते उभे राहिले की कोर्टाच्या खिडक्या आपण होऊन लागायच्या. त्यांचा बचाव एकच: माल जुना आहे. पुडीवर छापलेली उत्पादनाची तारीख बघा, परवाना चालू असतानाची आहे. त्यानंतर आमच्या अशिलानं एक चिमूट चूर्ण बनवलेलं नाही. इंग्रजी औषध त्यात कोणी मिसळलं, देव जाणे. 'जुना माल' हे ते घसा साफ केल्यासारखं दर दोन वाक्यांनी म्हणत, आणि मी प्रत्येक वेळी गालातली सुपारी इकडून तिकडे करत असे.

मग त्यांनी बचावाचा साक्षीदार बोलावला. दारातून आत कोण यावं? गयामावशी. नवं लुगडं, डोक्यावर पदर, बाबूशेठनं पाठवलेल्या जीपमधून आलेली. माझ्या गालातली सुपारी पोटात गेली.

"बाई, हे साहेब तुमचे कोण?"

"भाचा. मीच वाढीवलं. तवा असा नव्हता."

"ऐरावत चूर्ण तुम्ही घेता?"

"हाव. वरीस झालं असंल, जास्तच."

"काही अपाय?"

"उलट गुन. गुडघा पळायचा."

"अजूनही घेता?"

"घेते की. सकाळी एक, रातच्याला एक."

"आता शेवटचं सांगा बाई, मोठ्यानं सांगा. या पुड्या तुम्हाला कोण आणून देतं?"

मावशीनं हात लांब करून माझ्याकडे दाखवलं. "ह्यो. ह्योच देतो की. लातूरहून आनतो ठोकात."

कोर्टात असा हशा झाला की बाहेरचा पट्टेवाला आत आला. वकिलांनी दोन्ही हात पसरले. "महाराज! जे औषध हे विष म्हणतात, तेच सख्ख्या मावशीला स्वतःच्या हातानं चारतात!"

न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "निरीक्षक, हे खरं आहे?"

खोटं बोलायला माझी जीभ कधी अडली नाही. हे वाचून तुम्हाला पटलं असेलच. पण समोर मावशी उभी होती. तिला आज ना उद्या कोणीतरी पुन्हा खरी ऐरावत दिली असती आणि तिनं ती विश्वासानं खाल्ली असती.

"पुडी मीच देतो, साहेब," मी म्हटलं. "आतलं औषध सरकारी दवाखान्याचं होतं. उतरत्या मात्रेनं. बाई मरू नये म्हणून. गेले तीन महिने तर आत नुसती सुंठ आणि खडीसाखर आहे. माझी पुडी खोटी होती, आतलं खरं होतं. यांचं दोन्ही खोटं. गुन्हा असेल तर घाला मला यांच्या शेजारच्या खोलीत, पण यांना आधी घाला."

मावशीचा चेहरा बघायला मला धीर झाला नाही. आवाज आला तेवढा पुरला. "सुंठ?" ती म्हणाली. "मला सुंठ चारलीस?"

वकील मात्र दुप्पट उंच झाले. "कबुली! महाराज, कबुलीच दिली! हे गृहस्थ आमच्या जुन्या पुड्या उघडतात आणि त्यात इंग्रजी औषध भरतात! मग आमच्या जुन्या मालात ते कोणी भरलं, आता वेगळं सांगायला हवं का?"

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. खटला गेला, नोकरी गेली, आणि उद्यापासून नायगावच्या बाजारात पुन्हा हत्ती सोंड वर करणार. बाबूशेठ तर हसायलाच लागला.

"साहेब," मी म्हटलं, "वकीलसाहेबांनी माल जुना आहे असं किती वेळा सांगितलं?"

"असंख्य वेळा," न्यायाधीश वैतागून म्हणाले.

"म्हणजे ते नक्कीच खरं मानतात. कारखान्यात सापडलेल्या गठ्ठ्यातली कोरी पुडी आपल्यासमोर आहे, पंचांच्या सह्यांची. तिच्यात कोणी काही भरलेलं नाही, मीही नाही. तिच्यावरची तारीख वाचावी. आणि मग हत्तीच्या मागच्या पायाखालचा पत्ता."

न्यायाधीशांनी पुडी उजेडात धरली. तारीख वाचली. मग पत्ता मोठ्यानं वाचला: "मुक्काम पोस्ट लातूर, जिल्हा लातूर."

त्यांनी पुन्हा तारीख बघितली. मग बाबूशेठकडे बघितलं.

"या तारखेला," ते हळू म्हणाले, "लातूर जिल्हा होता?"

 अख्ख्या कोर्टात पुडी वाचलेली माणसं भरपूर होती. वकिलांनी वाचली होती, कारकुनांनी वाचली होती, सगळ्यांनी 'जि. लातूर' वाचून समाधानानं मान डोलावली होती. बाबूशेठनं तारीख मागे नेली, परवान्यापर्यंत बरोबर मोजून नेली. जिल्हा मागे न्यायला मात्र त्याचं मन झालं नाही. वकिलांनी खाली वाकून त्याला काही विचारलं तसं तो रडवेला होऊन जे बोलला ते मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं: "तुम्ही काहीही म्हणा वकीलसाहेब, पण मी उस्मानाबाद कसं छापणार?"

मागच्या बाकावरून पेंटर ओरडला, "सोनेरी कड काढली का न्हाई त्याला?" त्याला बाहेर काढण्यात आलं.

शिक्षा झाली. मला हवी होती तेवढी नाही. सायलूच्या मानानं तर काहीच नाही. पण चक्की गेली, गोळ्यांचा डबा गेला, हत्ती गेला. पाऊस पडल्यावर बाबूशेठनं पुन्हा सोडा सुरू केला. चांगला असायचा. मी प्यालो आहे, नमुना न घेता.

मलाही खात्याची नोटीस आली: सरकारी औषध दिशाभूल करणाऱ्या वेष्टनात दिल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये? मी लिहिलं, 'अवश्य करावी. मात्र मावशी जिवंत असल्याने पुरावा म्हणून तिला बोलवावं लागेल, आणि ती कार्यालयात आल्यास होणाऱ्या परिणामांस मी जबाबदार राहणार नाही.' ती फाइल पुढे कोणी उघडली नाही. एक वेतनवाढ तेवढी अडवून ठेवली. ठेवा म्हटलं.

पण निकालाच्या त्या संध्याकाळी मला नोटिशीची नाही, मावशीची भीती होती. बाबूशेठची जीप तिला न घेताच गेली होती. मी तिला बसमध्ये बसवलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली. चाकूर गेलं. मुकादमाला रडवणारी बाई गप्प बसते तेव्हा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. तिचे गाल परत बसले होते, मानेवरचा गोळा उतरला होता. तीच माझी जुनी, वाळकी, कडू मावशी खिडकीच्या काचेत दिसत होती.

अहमदपूरला बस थांबली. उतरताना तिनं गुडघ्यावर हात ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"दुखतंय?" मी विचारलं.

"दुखतंय की. तीन महिने झाले, लई दुखतंय. मला वाटलं हत्ती म्हातारा झाला." मग बाकड्यावर बसून तिनं पाय लांब केला, गुडघा दाबून बघितला. "पन एक हाय. दुखतंय तर माझा गुडघा हाय असं वाटतंय. मधी त्यो बाबूशेठचा झाला होता."

मी हळूच विचारलं, "चहा घेतेस?"

"सांग," ती म्हणाली. "पन माझ्या म्होरं वतायला लाव. आन् तू कपाला हात लावायचा न्हाई."